साठा आहे, पण पाण्याच्या कोणत्या बाजूला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मान्सूनपूर्व आढावा बैठकांत बोटी, लाइफ जॅकेट, दोरखंड यांची मोजदाद चोख होते. धान्याची पाळी आली की एकच ओळ वाचली जाते : ‘पुरेसा साठा उपलब्ध’. तो कुठल्या गोदामात, पाण्याच्या अलीकडे की पलीकडे, हे कोणी विचारत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये पुणे-बेंगळुरू महामार्ग पाण्याखाली गेला आणि मालमोटारी कित्येक दिवस जागच्या जागी उभ्या राहिल्या. जुलै २०२१ मध्ये तो पुन्हा बंद पडला. गोदामे भरलेली असली तरी अशा वेळी वेढलेल्या गावाला त्यांचा काय उपयोग?

२०२५ मध्ये केंद्राने जून ते ऑगस्टचे रेशन पावसाआधीच वाटायला सांगितले. डोंगराळ, दुर्गम भागासाठी हा मार्ग चांगला आहे. कृष्णा-पंचगंगेच्या काठावर मात्र तो अर्धाच लागू पडतो. चार माणसांच्या प्राधान्य कुटुंबाला (माणशी पाच किलो धान्य मिळणाऱ्या रेशनकार्डधारकाला) महिना २० किलो, म्हणजे तिमाहीचे ६० किलो मिळतात. ही पोती राहतात तळमजल्यावर. स्थलांतराच्या वेळी माणूस म्हातारी माणसे, पोरे, जनावरे आणि कागदपत्रे बाहेर काढतो. ६० किलो धान्य मागे राहते आणि भिजते. कागदावर त्या कुटुंबाला ऑगस्टपर्यंतचे धान्य ‘मिळालेले’ असते, त्यामुळे दुसऱ्या गावात जाऊन अंगठा लावला तरी मशीन काही देत नाही.

म्हणून पूररेषेतल्या गावांना एका महिन्याचे घरी द्यावे आणि उरलेले दोन महिन्यांचे ती माणसे जिथे जातात तिथे ठेवावे. कुठले गाव कुठे हलते हे २०१९ आणि २०२१ नंतर तलाठ्याला आणि ग्रामसेवकाला तोंडपाठ आहे. अडचण अशी की आसरा देणाऱ्या गावातल्या रेशन दुकानाचे नियतन, म्हणजे महिन्याला मंजूर होणारे धान्य, फक्त त्याच्या स्वतःच्या कार्डांपुरते असते. बाहेरची ४०० कुटुंबे आली आणि प्रत्येकी १० किलो द्यायचे म्हटले तरी ४० क्विंटल, म्हणजे ५० किलोची ८० पोती जादा लागतात. ही पोती मे महिन्यातच तिथे उतरलेली हवीत.

जागेचा हिशेबही आधीच मांडावा. ४०० कार्डांच्या, सुमारे १,६०० माणसांच्या दुकानाला तीन महिन्यांची २४० क्विंटल म्हणजे ४८० पोती लागतात. आठ थरांची थप्पी लावली आणि एका पोत्याला साधारण पाच चौरस फूट धरले, तर नुसत्या थप्पीलाच ३०० चौरस फूट जागा जाते. भिंतीपासून दोन फूट सोडायचे आणि मधली वाट ठेवायची ती वेगळी. गावातल्या दुकानाचा गाळा बहुधा याच्या निम्माही नसतो. मग कोणीतरी सुचवते, शाळेच्या वरच्या मजल्यावर ठेवू. इथे जपावे लागेल. वर्गखोलीची स्लॅब चौरस मीटरला साधारण ३०० किलो भार धरून बांधलेली असते आणि आठ थरांच्या थप्पीचा भार ८५० किलोच्या वर जातो. वरच्या मजल्यावर दोनच थर लावावेत, तेही पसरून. खाली लाकडी फळ्या आणि प्लास्टिकचा कागद हवाच. फरशीची ओल पोत्यात चढते आणि तळच्या थराला बुरशी धरते.

काय ठेवायचे, हाही प्रश्न आहे. २०१९ मध्ये पूरग्रस्त कुटुंबांना १० किलो गहू आणि १० किलो तांदूळ जाहीर झाले. पूर आला की महावितरण सुरक्षेसाठी वीज बंद करते आणि गावातली पिठाची गिरणी थांबते. तो गहू दळायचा कुठे? पहिल्या आठवड्याच्या साठ्यात तांदूळच ठेवावा. गहू द्यायचाच असेल तर सोबत डिझेल जनरेटरवर चालणारी एक गिरणी ठरवून ठेवावी. आणि नुसत्या भातावर छावणी चालत नाही. हजार माणसांच्या दोन वेळच्या जेवणाला रोज अंदाजे ३०० किलो तांदूळ, ८० किलो डाळ, १५ किलो तेल आणि १० किलो मीठ लागते. डाळ-तेल-मीठ रेशनच्या साखळीत नाही, म्हणून ते कोणाच्याच आराखड्यात येत नाही. जवळच्या घाऊक व्यापाऱ्याशी दर ठरवून ठेवला तर खर्च काहीच नाही, माल उचलला तेवढ्याचेच पैसे. चूल पेटेपर्यंत चुरमुरे, फुटाणे, शेंगदाणे, गूळ भागवतात. वैरणीला स्वतंत्र आराखडा लागेल; पण ती नसेल तर माणसे गोठा सोडत नाहीत, एवढे ध्यानात असू द्यावे.

पाणी ओसरल्यावर गोदामात हमखास एक चूक होते. पुराचे पाणी लागलेली पोती उन्हात वाळवून पुन्हा थप्पीला लावली जातात. त्या पाण्यात गटार, डिझेल, मेलेली जनावरे सगळे असते. ती पोती पंचनामा करून नष्टच करावीत. वरचे कोरडे थर त्याच दिवशी दुसऱ्या जागी हलवावेत, कारण खालचे धान्य फुगले की थप्पी कलंडते.

ई-पॉसचे, म्हणजे रेशन दुकानातल्या अंगठ्याच्या मशीनचेही आधीच ठरवावे. कोरोनाच्या काळात, २०२० मध्ये, लाभार्थ्याचा अंगठा न घेता दुकानदाराच्या आधार प्रमाणीकरणावर धान्य देण्याची मुभा होती. पुरासाठी तसाच आदेश आधीच सही करून तहसीलदारांकडे ठेवावा आणि कोल्हापूरजवळ पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांची इशारा पातळी गाठली की तो आपोआप लागू व्हावा. रेंज नसेल तर वहीवर नोंद आणि सही चालावी. धान्याच्या गाड्यांना मात्र ३९ फूट हा आकडा कामाचा नाही. त्याच्या कितीतरी आधी कोल्हापूर पद्धतीचे, म्हणजे वरून रहदारी चालणारे कमी उंचीचे बंधारे बुडतात आणि गावागावांतले जवळचे रस्ते तुटतात. द्वारपोच ठेकेदाराच्या (गोदामातून रेशन दुकानापर्यंत धान्य पोचवणाऱ्याच्या) करारात पूररेषेतल्या गावांसाठी ३१ मे ही शेवटची तारीख घालावी, आणि पोच पावतीवर पोती किती एवढेच न लिहिता ती २०१९ च्या पूरखुणेपेक्षा किती फूट उंचीवर उतरवली तेही लिहून घ्यावे.

– एक वाचक, शिरोळ (जि. कोल्हापूर)