रिपोर्टात टाइम स्टेप तरी लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पेपरात इंजिनिअरिंगच्या पोरापोरींच्या प्रोजेक्टचे फोटो येतात, त्यात हल्ली एक तरी लॅपटॉप असतोच, स्क्रीनवर सिम्युलेशनमधल्या (म्हणजे कॉम्प्युटरच्या गणितात चालवलेल्या) मोटरचा निळा-लाल छेद आणि बाजूला टॉर्कचा, म्हणजे फिरवणाऱ्या जोराचा, एकदम मऊसूत ग्राफ. कौतुक आहेच, आमच्या वेळी हे नव्हतं. पण मी मकरपुऱ्याला जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) ट्रान्सफॉर्मर आणि मोटरच्या डिझाईनचं काम करतो, असले ग्राफ रोज समोर येतात, आणि पहिला प्रश्न हाच पडतो की हा मऊपणा गणितातून आला का नंतर फिल्टर मारून आणलाय. बऱ्याचदा फिल्टरच निघतो. ग्राफला दात दिसले की पोरं (आणि खरं सांगायचं तर कंपनीतले मोठे लोकसुद्धा) एक्सेलमध्ये मूव्हिंग ॲव्हरेज लावून मोकळे होतात. दात का आले हे कोणी बघत नाही.

एक उदाहरण देतो. चार पोलची, स्टेटरला (स्थिर भागाला) ३६ स्लॉट, म्हणजे खाचा, असलेली परमनंट मॅग्नेट मोटर, १५०० आरपीएम. म्हणजे रोटर (फिरता भाग) एका मिलिसेकंदात ९ अंश फिरतो, आणि दोन स्लॉटमधलं अंतर १० अंश. रोटर स्लॉटांसमोरून जाताना टॉर्कला जो हेलकावा बसतो तो सेकंदाला ९०० वेळा. आता एकाने टाइम स्टेप, म्हणजे कॉम्प्युटर किती वेळाने पुढचं उत्तर काढतो ते अंतर, १ मिलिसेकंद ठेवली, कारण रन लवकर संपतो. मग प्रत्येक स्टेपला रोटर जवळपास पुढच्या स्लॉटशी पण एक अंश अलीकडे सापडतो, आणि ग्राफवर ९०० हर्ट्झच्या जागी १०० हर्ट्झची छान संथ लाट उमटते. ट्यूबलाईटखाली पंखा उलटा फिरताना दिसतो ना, तीच भानगड. गंमत अशी की १०० हर्ट्झ म्हणजे आपल्या ५० हर्ट्झ सप्लायच्या बरोब्बर दुप्पट, त्यामुळे बघणारा म्हणतो सप्लाय अनबॅलन्स आहे, एक फेज कमी पडतोय, आणि सगळी टीम नसलेला आजार शोधत बसते. ग्राफ मात्र गुळगुळीत! स्टेप ०.१ मिलिसेकंद केली की एका हेलकाव्याला अकरा पॉइंट मिळतात आणि खरा आकार दिसायला लागतो. त्यातही फिरत्या आणि स्थिर भागाच्या मधल्या रेषेवर मेशचे, म्हणजे गणितासाठी मोटरचे तुकडे पाडणाऱ्या जाळीचे, भाग अर्ध्या-अर्ध्या अंशाचे असतील तर स्टेपही अर्ध्या अंशाची घ्यावी, म्हणजे साधारण ५५.६ मायक्रोसेकंद, म्हणजे प्रत्येक वेळी नोडसमोर नोड (जाळीच्या गाठीसमोर गाठ) येतो आणि मेशमुळे येणारे खोटे दात निम्मे तिथेच गळतात. उरलेले एअर गॅपमध्ये (रोटर-स्टेटरमधल्या फटीत) मेशचा एकच थर ठेवल्यामुळे असतात, तीन-चार थर द्या, एलिमेंट (जाळीचे तुकडे) सेकंड ऑर्डरचे, म्हणजे सरळ रेघेऐवजी वक्र धरणारे, घ्या.

स्टेप बारीक केली की सगळं सुधारतं असंही नाहीये, इथे भलेभले फसतात. व्होल्टेज म्हणजे फ्लक्स (चुंबकीय प्रवाह) किती वेगाने बदलतोय ते, म्हणजे दोन स्टेपमधला फरक भागिले स्टेप. सॉल्व्हरचा (समीकरणं सोडवणाऱ्या भागाचा) टॉलरन्स, म्हणजे किती चूक चालवून घ्यायची ती मर्यादा, ढिला असेल आणि फ्लक्समध्ये पीकच्या ०.१ टक्का चूक राहत असेल तर ५० हर्ट्झला ०.१ मिलिसेकंदाच्या स्टेपवर व्होल्टेजमध्ये साधारण ३ टक्के खरखर येते, आणि स्टेप १० मायक्रोसेकंद केली तर तीच ३० टक्क्यांच्या वर जाते. म्हणजे स्टेप दहापट बारीक, वेळ दहापट आणि ग्राफ दहापट वाईट, मग शिव्या सॉफ्टवेअरला. स्टेपबरोबर टॉलरन्सही घट्ट करायचा असतो, आणि लोखंडाचा बीएच कर्व्ह (किती चुंबकीय जोराला किती फ्लक्स तो ग्राफ) आठ-दहा पॉइंट सरळ रेघांनी जोडून दिला असेल तर तोही नीट वळणदार करून द्यायचा, नाहीतर प्रत्येक सांध्यावर करंटला कोपरा येतो.

ट्रान्सफॉर्मरवाल्यांचं दुखणं वेगळं. साइन व्होल्टेज शून्यापासून एकदम चालू केलं की फ्लक्स एका बाजूला सरकून बसतो, जवळपास दुप्पट चढतो, कोअर सॅच्युरेट होतो (आणखी फ्लक्स सहज घेत नाही) आणि इन्रश करंट, म्हणजे चालू करतानाचा मोठा करंट, येतो. खऱ्या ट्रान्सफॉर्मरमध्येही येतो, तेच बघायचं असेल तर ठीक. पण स्टेडी स्टेटचे (सगळं स्थिरावल्यावरचे) लॉस हवे असतील तर हे सरकलेल्या फ्लक्सचं ओझं रेझिस्टन्स कमी असल्यामुळे कितीतरी सायकल उतरतच नाही. व्होल्टेज दोन-तीन सायकलमध्ये हळूहळू चढवा, बराचसा त्रास वाचतो. टाकीच्या साध्या पोलादात ५० हर्ट्झचे एडी करंट (धातूत भोवऱ्यासारखे फिरणारे करंट) वरच्या जेमतेम एक मिलिमीटरमध्ये वाहतात, तिथे कोणी पाच मिलिमीटरचा मेश टाकून टाकीचा लॉस किलोवॅटमध्ये दशांशासकट लिहितं तेव्हा हसावं का रडावं कळत नाही.

सॉल्व्हर एका स्टेपवरून पुढच्या स्टेपवर कसा जातो त्या पद्धतीचंही तसंच. बॅकवर्ड ऑयलर ग्राफ मऊ देतो खरा पण स्टेप मोठी असेल तर शिखरं छाटून मऊ करतो. क्रँक-निकोल्सन जास्त अचूक, पण अचानक स्विच बसला की प्रत्येक स्टेपला वर-खाली वर-खाली झुलत राहतो. १० किलोहर्ट्झने स्विच होणारा इन्व्हर्टर असेल तर स्विचिंगचे क्षण सॉल्व्हरला आधी सांगून ठेवावे लागतात, नाहीतर आपोआप स्टेप वाढवणारा सॉल्व्हर अख्खा पल्स ओलांडून जातो.

माझं मागणं फार नाही. कॉलेजच्या प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये आणि कंपन्या टेंडरला जोडतात त्या रिपोर्टमध्ये ग्राफच्या खालीच टाइम स्टेप, मेश, टॉलरन्स लिहिलेलं असावं, स्टेप आणि मेश निम्मी करून उत्तर किती हललं ते असावं, फिल्टर लावला असेल तर मूळ ग्राफही शेजारी छापावा. आत गेलेली पॉवर आणि लॉस, शाफ्टवरचं काम, साठलेल्या एनर्जीतला बदल यांची बेरीज जुळते का तेही एका ओळीत. असली सॉफ्टवेअर तपासायला टीम प्रॉब्लेम म्हणून जगभर वापरतात ते नमुने मोकळे मिळतात, त्यातला सातवा, भोक असलेल्या ॲल्युमिनियमच्या प्लेटचा, त्याची ५० आणि २०० हर्ट्झला प्रत्यक्ष मोजलेली मापं दिलेली आहेत. सयाजीरावांनी १८९० मध्ये कलाभवन (तंत्रशिक्षणाची शाळा) काढलेलं हे गाव, इथल्या पोरांना हातातल्या मापाशी कॉम्प्युटरचं उत्तर ताडून बघायला जड जाऊ नये. लास्ट इयरच्या प्रॅक्टिकलला हाच प्रॉब्लेम ठेवा, आणि एक्स्टर्नल येतील त्यांनी रंगीत चित्र बाजूला ठेवून आधी स्टेप किती घेतली ते विचारावं.

आपला,
एक वाचक,
दांडिया बाजार, बडोदे