पावसाळ्यात चालणारा डाव

तीर्थरूप आई-बाबा,
सा. न. वि. वि.

बाबा, फोनवर बुद्धिबळ खेळायचं तुमच्या मनात आहे, तर जून लागायच्या आत सुरू करा. एकदा पाऊस धरला की आपल्याकडे वीज जाते आणि मागोमाग टॉवरही. म्हणूनच घड्याळ लावलेले डाव तुमच्यासाठी नकोत. दहा मिनिटांच्या डावात रेंज गेली तरी तुमचं घड्याळ चालूच राहतं आणि थोड्या वेळाने समोरच्याला विजयाचा दावा करता येतो. वारंवार असं झालं तर काही काळ खेळण्यावर बंदी येते. वीज गेली की माणूस रागाने उठून गेला, हे ॲपला कळत नाही.

प्ले स्टोअरवर ‘लीचेस’ शोधा. ते मोफत आहे, देणगी ऐच्छिक. एक जरी जाहिरात दिसली तर चुकीचं ॲप घेतलंय असं समजा. खात्याचं नाव इंग्रजी अक्षरांत असतं आणि नंतर बदलता येत नाही. आडनाव, गाव, जन्मवर्ष त्यात घालू नका.

नवा डाव लावताना ‘कॉरस्पॉन्डन्स’ निवडा, खेळीला ३ दिवस. दर खेळीला मुदत नव्याने सुरू होते. ओटीवर लाकडी पट मांडून निवांत विचार करा आणि खळ्यात रेंज मिळाली की खेळी पाठवा. सेटिंगमध्ये खेळी पक्की करण्याआधी विचारणारा पर्याय चालू ठेवा, नाहीतर बोट घसरून वजीर जातो. गणपतीत घर भरलेलं असतं, तेव्हा नवे डाव घेऊ नका.

तुमची सवय देशी पद्धतीची, म्हणून हे नीट वाचा. इथे प्यादं पहिल्या चालीत दोन घरं जाऊ शकतं. राजाला घोड्याची चाल नाही, त्याऐवजी किल्लेकोट आहे: राजा हत्तीकडे दोन घरं सरकवायचा, हत्ती आपोआप पलीकडे येतो. दोघंही आधी हललेले नसावेत, मधली घरं रिकामी हवीत, आणि राजाला शह असताना, शहातून किंवा शहात जाऊन हे करता येत नाही. दोन घरं चालून तुमच्या प्याद्याच्या शेजारी आलेलं प्यादं लगेचच्या खेळीत तिरपं मारता येतं. इथेच पुष्कळांना ॲप बिघडलंय असं वाटतं.

नंतर एखाद्या टीममध्ये, म्हणजे ॲपवरच्या खेळाडूंच्या गटात जा. तिथे त्याच त्याच माणसांशी डाव होतात आणि त्यातून ओळख वाढते, मला तुमच्यासाठी हवंय ते हेच. डाव हरलेला दिसत असेल तर मुदत संपेपर्यंत समोरच्याला ताटकळत ठेवू नका, सरळ ‘रिझाइन’ करा, म्हणजे हार मान्य करा. पुस्तकातली सुरुवातीची चाल बघितलेली कॉरस्पॉन्डन्सच्या डावात चालते. कॉम्प्युटरची मदत किंवा शेजारच्या मुलाने सुचवलेली खेळी चालत नाही. खेळाडूची ताकद दाखवणारे गुण (रेटिंग) १५०० पासून सुरू होतात आणि पहिल्या डावांत जोरात खालीवर होतात. ते मनावर घेऊ नका.

आई, तू ॲपवरची बुद्धिबळाची कोडी सोडव. काही कोडी फोनमध्ये साठवलेली असतात, नेट नसलं तरी चालतं.

गप्पांत कुणी लिंक पाठवली, ओटीपी मागितला किंवा पैसे लावून खेळायला बोलावलं तर त्याला ब्लॉक करा. पैशांचे ऑनलाइन खेळ २०२५ च्या कायद्याने बंद झालेत. चुकून पैसे गेलेच तर लाजू नका, लगेच १९३० वर फोन करा.

खातं उघडलं की नाव कळवा. पहिला डाव मी लावते, पांढरी तुमची.

तुमची लेक