वैशालीच्या नव्या ऑफिसला

कोल्हापूर,
12 जून

प्रिय वैशाली,

नोकरी सोडून साताऱ्यात स्वतःचं, इमारतींच्या सांगाड्याचं म्हणजे आरसीसी डिझाइनचं ऑफिस काढतेयस हे वाचलं आणि आधी आईला हाक मारून सांगितलं. फार आनंद झाला गं.

तुझा खर्चाचा हिशेब दोनदा वाचला. टेबलं, प्रिंटर, एसी, गाळ्याचं डिपॉझिट, सगळं नीट मांडलंयस. पैसे हातात येईपर्यंतच्या खर्चाचा एक रकाना मात्र राहिलाय, आणि त्यानंच मला पहिल्या वर्षी रडवलं होतं.

आपल्या धंद्यात मेहनत आधी, पैसा फार मागून. माझं पहिलं मोठं काम चार मजली इमारतीचं. पायातल्या फूटिंगची ड्रॉइंग दिली, प्लिंथची दिली, प्रत्येक स्लॅबआधी उन्हात उभी राहून स्टील तपासलं. बिल्डर म्हणायचे, "मॅडम, पुढचा स्लॅब पडू दे, एकदम देतो." तिसरा स्लॅब पडला तरी सुरुवातीच्या टोकनपलीकडे रुपया नाही, आणि ड्राफ्ट्समनचा पगार दर सात तारखेला ठरलेला. तेव्हा आईच्या पाटल्या गहाण ठेवल्या. तुला हे कधी बोलले नाही.

म्हणून एसी राहू दे. सहा महिन्यांचं भाडं आणि पगार वेगळे काढून ठेव, मगच पाटी लाव. मागच्या टप्प्याचे पैसे आल्याशिवाय पुढची ड्रॉइंग नाहीत, हे कामाआधीच लिहून घे. स्टीलची तपासणी मात्र पैशांसाठी कधी अडवू नकोस. त्या घरात माणसं राहणार आहेत.

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्यांची सरकारी नोंदणी, लगेच कर. ती फुकट आहे, एजंट लागत नाही. मग ग्राहकाला कराराने मुदत वाढवली तरी 45 दिवसांपलीकडे पैसे थकवता येत नाहीत. उलाढाल 20 लाखांच्या आत आहे तोवर जीएसटीची सक्ती नाही. पुढे नोंदणी झाली की आधी प्रोफॉर्मा, म्हणजे कच्चं बिल, पाठवत जा, कारण पक्कं बिल फाडलं की पैसे न येताही 18 टक्के भरावे लागतात. व्यवसाय कराचे वर्षाला 2,500 धर. ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर ऑटोकॅड 2016 पासून कायमचं विकत मिळत नाही, तेव्हा त्याचं भाडंही दरवर्षीच्या खर्चात लिही. चोरीची कॉपी नको.

माझा मोठी ड्रॉइंग छापायचा जुना प्लॉटर चालू स्थितीत पडून आहे, तो तुझाच समज. पुढच्या रविवारी टेम्पोत घालून आणू का?

तुझी,
मेधा