आरओचा पंप जनरेटरवर नव्हताच

लातूर, रविवार रात्र

सत्या गड्या,

तुझा फोन आला तेव्हा मी डायलिसिसच्या पेशंटला सुया लावत होतो, म्हणून उचलला नाही, राग धरू नको. परवा आमच्याकडं मॉक ड्रिल झालं, म्हणजे काय तर साहेबांनी सकाळी कुणाला न सांगता मेन लाइनच पाडली. पेशंट मशीनवर नव्हते बरं का, नाहीतर म्हणशील जिवाशी खेळायलेत. जनरेटर धडधडत चालू झाला, आयसीयू ठीक, ओटी ठीक, सगळे खूश आणि माझ्या मशीनला पाणीच येईना! मशीनला शुद्ध पाणी देणाऱ्या आरओचा पंप जनरेटरच्या लाइनवर जोडलेलाच नव्हता. नवीन बिल्डिंगमधी आल्यापासून कुणाच्या ध्यानात नाही, कारण लाइट जाते पाच-दहा मिनिटं आणि तेवढं मशीनच्या बॅटरीवर रक्त फिरत राहतं.

मला तर २०१६ चा दुष्काळच आठवला. तू तेव्हा पुण्याला होतास. मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, पहिल्या खेपेला १० वाघिणी, ५ लाख लिटर, फोटो तू पाहिलेच असशील. पण आमचं गणित वेगळं होतं. एका पेशंटला मिनिटाला ५०० मिली, चार तास, म्हणजे १२० लिटर निव्वळ शुद्ध पाणी, आणि ते काढताना आरओ जवळपास तेवढंच फेकून देतो. ते फेकलेलं पाणी आमच्या मावशीनं ड्रममधी धरायला सुरू केलं, संडासाला अन् फरशीला. कुणी मीटिंग घेतली नव्हती, तिलाच सुचलं! हर्नियाची ऑपरेशनं पुढं ढकलली, ती थांबतात, किडनीवाला थांबत नाही. आणि टँकरवाला टीसीएल, म्हणजे क्लोरीनची ब्लीचिंग पावडर, अंदाजानं ओतायचा, क्लोरीन आरओला अडत नाही, कार्बन फिल्टरलाच अडतं, तिथून निसटलं तर पेशंटच्या रक्तपेशी फुटतात. म्हणून दर शिफ्टला क्लोरीन तपासल्याशिवाय मी मशीनला हात लावत नव्हतो, आजही नाही.

पंप आता जोडलाय. मी म्हणालो, साहेब पुढचं ड्रिल रात्री दोनला घ्या, तर हसले. अरे रात्री खाली एकच वॉर्डबॉय मामा असतो, नवा आलाय, काल त्याला विचारलं जनरेटर रूमची किल्ली कुठाय, तर म्हणला दिवसपाळीच्या मामाच्या खिशात.

काकूला नमस्कार सांग. दिवाळीला ये.

तुझा,
बाळ्या