पिंगच्या दुखण्यावर व्हीपीएनचा उतारा

मा. संपादक महोदय,

लातूर, नांदेड, परभणी या शहरांत फायबरची जोडणी आल्यापासून टीव्हीला प्लेस्टेशन किंवा एक्सबॉक्स लावून ऑनलाइन खेळणारी मुले वाढली आहेत, आणि खेळ अडखळला की ‘व्हीपीएन घ्या, पिंग कमी होईल’ हा सल्ला दुकानदारापासून लाईन जोडायला येणाऱ्या मुलापर्यंत कोणीही बिनदिक्कत देतो. (पिंग म्हणजे आपला डेटा खेळ चालवणाऱ्या दूरच्या संगणकापर्यंत, म्हणजे सर्व्हरपर्यंत, जाऊन परत यायला लागणारा वेळ; व्हीपीएन म्हणजे आपली जोडणी मधल्या एका कंपनीच्या सर्व्हरमधून नेणारी सेवा.) आमच्या घरीही तो मिळाला, वर्षभराच्या वर्गणीच्या आग्रहासकट. हा प्रकार बहुतेक वेळा ‘आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी’ असा असल्याने पालकांच्या माहितीसाठी हे पत्र लिहीत आहे.

व्हीपीएन सुरू केले की आपला डेटा आधी त्या कंपनीच्या सर्व्हरवर जातो आणि तिथून खेळाच्या सर्व्हरकडे निघतो. त्यात ‘सर्ट-इन’ या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेने 28 एप्रिल 2022 रोजी व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांच्या नोंदी पाच वर्षे जपून ठेवण्याचे निर्देश दिल्यानंतर एक्स्प्रेस व्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्ड व्हीपीएन यांनी भारतातले आपले सर्व्हर काढून घेतले. एक्स्प्रेस व्हीपीएनने तेव्हाच जाहीर केले होते की यादीत ‘भारत’ निवडला तरी सर्व्हर प्रत्यक्षात सिंगापूर किंवा ब्रिटनमध्ये असेल. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. खेळाचा सर्व्हर मुंबईत असेल, तर लातूरहून थेट जाऊन येण्याला प्रवासापुरते दहा मिलिसेकंदही लागू नयेत; तोच डेटा सिंगापूरमार्गे मुंबईला धाडला, तर निव्वळ प्रवासातच सत्तरहून अधिक जातात. पिंग कमी करण्यासाठी पैसे मोजून हा वळसा विकत घ्यायचा, याला काय म्हणावे?

शिवाय या दोन्ही कन्सोलवर व्हीपीएनचे ॲप थेट चालत नाही. ते राउटरवर बसवावे लागते किंवा लॅपटॉपमधून जोडणी द्यावी लागते. आणि राउटरवर सरसकट बसवले की वडिलांचे बँकेचे व्यवहार, मुलीचा ऑनलाइन वर्ग, सगळेच त्या परक्या सर्व्हरवरून फिरून येऊ लागते.

खरे कारण पुष्कळदा घरातच सापडते. कन्सोल दोन भिंतींपलीकडच्या वायफायवर असेल, तर आधी लॅनची वायर लावून पाहावी. तरीही मित्रांच्या खेळात शिरता येत नसेल किंवा बोलणे ऐकू येत नसेल, तर प्लेस्टेशनच्या नेटवर्क चाचणीत ‘नॅट टाइप 3’ (बाहेरून येणाऱ्या जोडण्यांना सर्वाधिक अटकाव) दिसतो का ते बघावे. दिसला, तर राउटरच्या सेटिंगच्या पानावरचा वॅन आयपी, म्हणजे राउटरला सेवादात्याकडून मिळालेला पत्ता, तपासावा. तो 100.64 ते 100.127 यांपैकी एखाद्या आकड्याने सुरू होत असेल, तर सेवादात्याने इंटरनेटवरचा एकच सार्वजनिक पत्ता अनेक घरांना वाटून दिला आहे आणि म्हणून मित्रांची जोडणी थेट आपल्या घरापर्यंत पोचत नाही, असे समजावे. आयपीव्ही4 या जुन्या पद्धतीच्या पत्त्यांच्या टंचाईमुळे हे करावे लागते हे मान्य, पण ते ग्राहकाला सांगायला काय हरकत आहे?

व्हीपीएन सर्वस्वी निरुपयोगी आहे, असा माझा दावा नाही. सेवादात्याकडून डेटा जाण्याचा मार्गच वाकडा असेल किंवा पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरची जोडणी थेट आपल्या कन्सोलपर्यंत पोचवण्याची सोय) देणारी व्हीपीएन सेवा घेतली असेल, तर फरक पडतो. भारतात ते वापरणे सरसकट बेकायदाही नाही. मात्र फुकटच्या व्हीपीएनवर मुलांचे खाते आणि कार्डाची माहिती सोपवू नये, आणि दुसऱ्या देशातला स्वस्त दर मिळवण्यासाठी ठिकाण लपवणे तर कटाक्षाने टाळावे. ‘स्टीम’ या संगणकावरील खेळांच्या ऑनलाइन दुकानाच्या करारात याला स्पष्ट मनाई आहे.

दूरसंचार नियामक ‘ट्राय’च्या 2024 च्या सेवा-गुणवत्ता नियमांत वेगाबरोबर लेटन्सी (डेटा पोचायला होणारा विलंब), जिटर (त्या विलंबातला चढउतार) आणि पॅकेट ड्रॉप (वाटेत हरवणारा डेटा) हेही निकष आहेत. आमच्याकडे मात्र जाहिरातीच्या फलकावर केवळ ‘100 एमबीपीएस’ एवढेच झळकते. जोडणी देतानाच सार्वजनिक आयपी मिळणार की सामायिक, आयपीव्ही6 ही नवी पत्ता-पद्धत चालू आहे की नाही आणि स्वतंत्र पत्ता हवा असल्यास दरमहा किती आकार पडेल, या तीन बाबी पावतीवर मराठीत छापण्याची सक्ती सेवादात्यांवर करावी, अशी मागणी आपल्या दैनिकामार्फत करीत आहे.

आपला,
एक वाचक, लातूर