आधी छटा, मग जर, शेवटी मणी

दांडिया बाजार, बडोदे

प्रिय सुनंदा,
सप्रेम नमस्कार.

कॅनव्हासवर भरतकाम करण्यासाठी तू पाठवलेलं कमळाचं चित्र पाहिलं. सहा इंची चौकोनात छटांच्या पाकळ्या, जरीची कड आणि मधे मणी, हे सगळं छान बसेल. क्रम तेवढा मोडू नकोस: आधी छटा, मग जर, मणी अगदी शेवटी. मणी आधी लावलेस तर पुढचा प्रत्येक दोरा त्यांत अडकेल आणि हात टेकायलाही जागा उरणार नाही.

इंचाला 18 घरांचा, म्हणजे 18 भोकांचा, जाळीदार कॅनव्हास घे, चारी बाजूंना दोन-दोन इंच सोडून दहा इंची तुकडा. कडांना कागदी चिकटपट्टी लाव, नाहीतर जाळीचे खरखरीत धागे दोरा कुरतडतात. गोल रिंग नको. तिचा वळ जातच नाही. लाकडी चौकटीवर इंचाइंचाला पिना ठोकून ढोलकीसारखा ताण. सुई बोथट टोकाची, 22 नंबरची.

सगळा जीव छटांत आहे, म्हणून तिथे घाई करू नकोस. लडीचा दोरा सहा पदरी असतो, त्यातले चार पदर पुरतात. पदर एकेक सुटा काढ आणि मग जुळव. चार एकदम ओढलेस तर पीळ तसाच राहतो आणि दोरा चपटा बसत नाही. पाकळीच्या बुडाशी चारही पदर गडद गुलाबी, मग तीन गडद एक मध्यम, मग दोन-दोन, मग एक-तीन, मग चारही मध्यम. दोन रंगांत पाच छटा झाल्या. फिका तिसरा रंग असाच पुढे मिसळलास की नऊ होतात. रंग एकमेकांच्या जवळचे घे. फार अंतर असलं तर मिसळलेली जागा ठिपकेदार दिसते. छटा बदलताना सरळ रेषेत थांबू नकोस, नाहीतर पट्टे उठतात. कुठे दोन घरं पुढे जा, कुठे तीन मागे ये. उजेड वरून डावीकडून येतो असं एकदा ठरव आणि आठही पाकळ्यांना तोच ठेव.

टाका तिरपा, पण ओळी आडव्या भरू नकोस, तिरक्या भर: एक ओळ चढती, पुढची उतरती. मागे चटईची वीण दिसली पाहिजे. फुलीच्या टाक्याचा नुसता अर्धा भाग घेऊन आडवं भरलं तर कापड एका कोपऱ्याकडे ओढलं जातं. सलग दोन ओळी चढत्या झाल्या तर पुढून बारीक वळ दिसतो. काम थांबवताना ओळ अर्धी ठेव, म्हणजे दिशा चुकत नाही.

खरी जर म्हणजे रेशमाभोवती गुंडाळलेली, सोन्याचं पाणी दिलेली चांदीची पट्टी. नकलीत तांबं असतं आणि ते काळवंडतं. शिकायला प्लॅस्टिकची जर चालेल, फक्त तिला इस्त्री लावायची नाही. कुठलीही जर जाळीतून पुन्हा पुन्हा ओढली की वरची पट्टी सोलवटते आणि आतला दोरा दिसू लागतो. म्हणून कडेची जर वरच ठेव आणि जुळत्या रंगाच्या एकपदरी रेशमाने दर तीन-चार मिलिमीटरवर आडवी टाच. दोन तारा शेजारी असतील तर टाचे विटांच्या रचनेसारखे एकाआड एक घे. वळणावर टाचे जवळ हवेत. जरीची सुटी टोकं इंच-दीड इंच राखून सर्वांत शेवटी जाड सुईने मागे ने.

मण्यांचा नंबर वाढतो तसा मणी लहान होतो. तुझ्या कॅनव्हासचं एक घर 1.4 मिलिमीटरचं, तेव्हा 15 नंबरचाच मणी घे. 11 नंबरचा साधारण दोन मिलिमीटरचा. तो घराघरात लावलास तर मणी एकमेकांना ढकलून वर येतात आणि कापड फुगतं. मंगळबाजारातून सुटे मणी आणलेस तर आधी ताटलीत पसरून जाड-बारीक वेगळे कर. एकाच टाक्याने लावलेला मणी कलंडतो, म्हणून दोन टाके घे. पहिल्या तिरप्या टाक्यात दुपदरी दोरा मण्यातून ने, मग त्याला छेदणाऱ्या उलट तिरप्या टाक्यात एक पदर मण्याच्या या बाजूने, एक त्या बाजूने. मणी ताठ राहतो. पारदर्शक मण्यातून दोऱ्याचा रंग दिसतो, हे विसरू नकोस. मधल्या केसरांना पिवळाच दोरा वापर.

मणी किती लावायचे हे ठरवताना आपल्या बडोद्याच्या मोत्यांच्या गालिच्याचे फोटो नीट पाहा. खंडेराव गायकवाडांनी 1865 च्या सुमारास करवून घेतलेला, 2009 मध्ये दोह्याला लिलावात गेलेला. तिथे जमीन बारीक मोत्यांची आणि वेलबुट्टीचा रंग काचेच्या मण्यांचा, म्हणून चकाकी सगळीकडे शोभते. तुझ्या कमळात रंगाचं काम दोऱ्याकडे आहे, तेव्हा मणी फक्त केसरांत ठेव. पाकळ्यांवर विखुरलेस तर मेहनतीने आणलेल्या छटा दिसणारच नाहीत.

पूर्ण झाल्यावर पाणी लावू नकोस. मलमलमध्ये गुंडाळ, रबर आणि अत्तर दूर ठेव. पहिली पाकळी झाली की मागच्या बाजूचाही फोटो पाठव.

तुझी,
शैला