पानिपतच्या आधीच संक्रांत होऊन गेली होती

महोदय,

जानेवारी लागला की ‘दिनविशेष’च्या चौकटीत १४ तारखेला एक वाक्य हमखास येते : ऐन संक्रांतीच्या दिवशी पानिपतावर मराठ्यांचा पराभव झाला. यातली तारीख बरोबर आहे, संक्रांत चुकीची. लढाई झाली ती पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२, बुधवारी, म्हणजेच १४ जानेवारी १७६१ रोजी. पण त्या साली मकरसंक्रांत १० जानेवारीच्या सुमारास होऊन गेली होती.

संक्रांत म्हणजे सूर्याचा निरयन (ताऱ्यांच्या संदर्भाने मोजलेल्या) मकर राशीत प्रवेश. निरयन वर्ष आपल्या भिंतीवरच्या कॅलेंडरच्या वर्षापेक्षा सुमारे २० मिनिटांनी मोठे असते. ती मिनिटे साठत जातात आणि साधारण ७२ वर्षांत संक्रांत एक दिवस पुढे सरकते. पडताळा जानेवारीतच मिळतो. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा, आणि तो दिवस मकरसंक्रांतीचा होता. तिथून आणखी शंभर वर्षे मागे गेल्यावर संक्रांत १४ तारखेला येणार कशी? ‘संक्रांत कोसळली’ हा वाक्प्रचार पानिपताला इतका चपखल बसतो की पंचांग उघडून पाहण्याची गरज कोणाला वाटत नाही.

दुसरी गडबड ज्युलियन (जुन्या) आणि ग्रेगोरियन (आजच्या) कॅलेंडरच्या तारखांची. जिजाऊंचा जन्म पौष पौर्णिमा, शके १५१९ चा. त्या तिथीची १२ जानेवारी १५९८ ही तारीख ज्युलियन आहे. ग्रेगोरियनप्रमाणे तो दिवस २२ जानेवारी. संभाजी महाराजांचा राज्याभिषेक माघ शुद्ध सप्तमी, शके १६०२ चा, म्हणजे ज्युलियन १६ जानेवारी १६८१ आणि ग्रेगोरियन २६ जानेवारी. उत्सवाच्या तारखा रुळल्या आहेत, त्या बदला असे अजिबात म्हणणे नाही. घोटाळा होतो तो पडताळताना. संगणकावरच्या पंचांगात १२ जानेवारी १५९८ टाकली आणि ते पंचांग सरसकट ग्रेगोरियन मोजणारे असले, तर पौर्णिमेऐवजी शुद्ध चतुर्थी-पंचमी दिसते. मग तारीख दुरुस्त करण्याऐवजी लोक तिथीच खोटी ठरवून मोकळे होतात! फेब्रुवारी १७०० अखेरपर्यंत हा फरक १० दिवसांचा, त्यानंतर शंभर वर्षे ११ दिवसांचा.

हा फरक मुंबईत तर माहीमच्या खाडीवर उभे राहून मोजता आला असता. १७३० च्या जानेवारीत अलीकडे माहीमला इंग्रजांचा अंमल होता, पलीकडे वांद्र्याला पोर्तुगीजांचा. पोर्तुगीजांनी नवी (ग्रेगोरियन) पद्धत १५८२ मध्येच घेतली होती, इंग्रजांनी ती घेतली थेट सप्टेंबर १७५२ मध्ये. त्यामुळे एकाच सकाळी माहीमला १ जानेवारी, तर वांद्र्यात १२ जानेवारी. शिवाय इंग्रजांचे वर्ष तेव्हा २५ मार्चला बदलत असल्याने त्यांच्या कागदावर साल पडायचे १७२९! सुरतेची पहिली लूट जानेवारी १६६४ ची. जुन्या इंग्रजी नोंदींत तोच महिना १६६३ किंवा १६६३/६४ असा दिसतो. तो जसाच्या तसा उतरवला की घटना वर्षभर मागे जाते.

आपल्याकडच्या कागदांतही जानेवारीच फसवा. शकात ७८ मिळवले की इसवी सन, एवढे सगळ्यांना पाठ असते. पण शक बदलतो चैत्रात, म्हणून १ जानेवारीपासून फाल्गुन अखेरपर्यंत ७९ मिळवावे लागतात. १६८२ मध्ये ७८ मिळवले तर पानिपत १७६० मध्ये जाते. पेशवाई कागदांतला सुहूर सन (अरबी शब्दांत लिहिलेली वर्षगणना) मृगाला, म्हणजे सूर्य मृग नक्षत्रात जातो तेव्हा, बदलतो. त्यात मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९ आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६०० मिळवायचे. पानिपतचे साल ‘इहिदे सितैन मया व अलफ’, म्हणजे १ + ६० + १०० + १०००, अर्थात ११६१. त्यात ६०० मिळवले की १७६१.

तारीख काढून झाली की वार जुळतो का ते अवश्य पाहावे. एका दिवसाची चूक तिथे लगेच पकडली जाते. ‘दर्पण’चा पहिला अंक ६ जानेवारी १८३२ चा, त्या दिवशी शुक्रवार होता. ही तारीख १७५२ नंतरची असल्यामुळे तिथे जुन्या-नव्याचा प्रश्नच येत नाही.

आपल्याला विनंती एवढीच की, १७५२ पूर्वीच्या घटनेपुढे मूळ तिथी, शक आणि तारीख कोणत्या पद्धतीची आहे ते छापावे. उदाहरणार्थ : ‘माघ शु. ७, शके १६०२ (१६ जानेवारी १६८१, ज्युलियन)’. चौकटीत यासाठी अर्धी ओळ पुरेल. आणि येत्या १४ जानेवारीला पानिपतच्या नोंदीतला ‘संक्रांतीच्या दिवशी’ हा शब्दप्रयोग तेवढा काढावा.

– एक वाचक, दादर, मुंबई